आवाजाचा पल्ला आणि त्याला आवरणारी यंत्रे

व्याख्यान सुरू होऊन दोन मिनिटे होतात न होतात तोच मागल्या रांगेतून "ऐकू येत नाही" असा पुकारा होतो. यंत्रापाशी बसलेला मनुष्य घाईघाईने एक बटण फिरवतो. नेमका त्याच क्षणी वक्ता आवेशात येतो, टेबलावर मूठ आपटतो, आणि पुढल्या रांगेतील मंडळी दचकून कानांवर हात ठेवतात. बटण उलट फिरते. मग वक्ता शांत होऊन एखादा नाजूक मुद्दा सांगू लागतो आणि मागून पुन्हा तोच पुकारा. हा देखावा आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे, आणि त्यात बिचाऱ्या बटणवाल्याला नावेही ठेवली आहेत. आज ज्या यंत्रांविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत, त्यांचा जन्म या माणसाच्या तारांबळीतूनच झालेला आहे.

ही तारांबळ का होते, हे समजण्यासाठी आवाजाचा पल्ला म्हणजे काय ते आधी पाहिले पाहिजे. ध्वनीची पातळी डेसिबेल या मापाने मोजतात. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच्या नावावरून हे नाव पडले. हे माप शेर-मापट्यासारखे बेरजेचे नाही, गुणाकाराचे आहे. पातळी 10 डेसिबेलने वाढली म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट होते, 20 ने वाढली म्हणजे शंभरपट, आणि 60 ने वाढली म्हणजे दहा लाखपट. आपल्या कानाला मात्र 10 डेसिबेलची वाढ फक्त दुपटीसारखी भासते. कुजबुज साधारण 30 डेसिबेलची, समोरासमोरचे बोलणे 60 च्या आसपास, आणि ढोलपथकाच्या अगदी जवळ उभे राहिलात तर 100 च्या वर. अतिशय हळू आवाज आणि अतिशय मोठा आवाज यांमधील हे जे अंतर, तो पल्ला. कान हा सगळा पल्ला विनातक्रार पेलतो. अडचण येते ती माणसाने बनवलेल्या साधनांत.

प्रत्येक साधनाला एक छत असते आणि एक जमीन असते. छताच्या वर आवाज गेला की तो फाटतो. जमिनीच्या खाली गेला की खरखरीत बुडतो. लाखेच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेत या दोहोंमधले अंतर जेमतेम 30 ते 40 डेसिबेल असे. पुढे आलेल्या लाँग प्ले तबकडीत ते 60 च्या घरात गेले. म्हणजे दार चार फुटांचे आणि आत न्यावयाचा पलंग सहा फुटांचा! पलंगाचे पाय कापल्याखेरीज तो आत जायचा नाही.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळी हे पाय कापण्याचे काम माणसाच्या अंगानेच होत असे. 1902 साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गोहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता, वीजही त्या कामात नव्हती. गायकाने भल्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुईने मेणावर रेघ ओढावयाची, एवढाच प्रकार. त्या कर्ण्याच्या युगात हळू स्वराला पुढे सरकायचे आणि मोठ्या स्वराला डोके मागे घ्यावयाचे, अशी गायकांना सवय करून घ्यावी लागे. ज्यांना ती होत नसे त्यांना शेजारी उभा असलेला मनुष्य हाताने पुढे-मागे करी. 1925 पासून विजेने मुद्रण होऊ लागले आणि गवयाचे डोके सुटले, पण त्याऐवजी बटणवाला अडकला.

नभोवाणीत तर त्याचे काम फारच जोखमीचे. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात वाहक लहरीवर आवाजाचा भार चढवलेला असतो. हा भार शंभर टक्क्यांच्या पलीकडे गेला, की आवाज तर फाटतोच, पण त्याच्या ठिणग्या शेजारच्या केंद्रांच्या हद्दीतही उडतात. उलट भार फार कमी ठेवला तर दूरच्या श्रोत्याला खरखरीवाचून दुसरे काही ऐकू यायचे नाही. म्हणून पाश्चात्य केंद्रांवर वाद्यवृंदाचे प्रक्षेपण असले, की बटणवाला स्वरलिपीचा कागद पुढे घेऊन बसे. नगारे कोठे वाजणार आहेत हे त्याला आधीच दिसे आणि तो त्यापूर्वीच हळूहळू बटण उतरवून ठेवी, म्हणजे श्रोत्याला काही कळतही नसे. आपल्याकडे असा कागद कोठला? पुढची तान कशी येणार हे गवयालाच ठाऊक नसते, तेथे बटणवाल्याला ते कसे असावे?

माणसाचा हात पोहोचेना, तेव्हा यंत्राचा हात पुढे आला. 1937 मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने नभोवाणी केंद्रांसाठी 110-ए या नावाचे मर्यादक यंत्र बाजारात आणले आणि हा वर्ग रुळला. या वर्गातील यंत्रांना इंग्रजी जगात कॉम्प्रेसर आणि लिमिटर म्हणतात. आपण संकोचक आणि मर्यादक म्हणू.

संकोचकाचे काम समजायला अवघड नाही. त्याच्या पोटात दोन वाटा असतात. एका वाटेने आवाज पुढे जातो. दुसऱ्या वाटेने त्याच आवाजाची पातळी सारखी मोजली जाते, आणि ती ठरलेल्या उंबरठ्याच्या वर गेली, की पहिल्या वाटेवरचे बटण आपोआप खाली येते. किती खाली, हे प्रमाणावर अवलंबून. समजा, उंबरठा 70 वर ठेवला आणि प्रमाण चारास एक. आता 90 चा आवाज आला. तो उंबरठ्याच्या वर 20 आहे. यंत्र त्या 20 चे 5 करील आणि 75 बाहेर सोडील. 50 चा आवाज उंबरठ्याखालचा, त्याला यंत्र हात लावणार नाही. तो 50 च राहील. प्रमाण दहास एक किंवा त्याहून कडक केले, की उंबरठा म्हणजे जवळजवळ छतच होते, आणि यंत्राला मर्यादक म्हणू लागतात.

पण गोष्ट येथे संपत नाही, आणि खरी मेख पुढेच आहे. सगळ्यांत मोठा आवाज आता 75 वर आला आहे, म्हणजे वर 15 डेसिबेलची जागा मोकळी झाली. ती कोण वाया घालवील? म्हणून शेवटी सगळ्याच आवाजात 15 ची भर घालतात. 90 चा आवाज पुन्हा 90 झाला. तो जेथल्या तेथे आला. मात्र 50 चा आवाज 65 झाला! मोठ्याला लहान करण्यासाठी आणलेल्या यंत्राने प्रत्यक्षात लहानाला मोठे केले. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे पुढचे सगळे उलगडत जाते.

आता वेळेचा प्रश्न. यंत्राने आवाज पकडावयाचा किती लवकर आणि सोडावयाचा किती लवकर? येथे आपल्या संगीताने या यंत्राची जेवढी कसोटी पाहिली आहे तेवढी क्वचितच कोणी पाहिली असेल. ख्यालाची मैफल घ्या. मागे दोन तंबोरे, बाजूस तबला, मध्ये गवई, आणि सगळ्यांचा आवाज एकाच संकोचकातून चाललेला. तबल्याचा जोरकस "धा" पडला, की यंत्र दचकून बटण खाली ओढते. पण ते एकट्या तबल्याला ओढू शकत नाही. त्याच क्षणी गवयाने लावलेला गंधारही त्याबरोबर खाली जातो. दर समेला गवयाने मान खाली घातल्यासारखे वाटते. याच्या उलट, गवई तान संपवून श्वास घ्यायला थांबला, की यंत्र म्हणते, आता मोठे कोणी नाही, बटण वर नेऊ. आणि मग काय होते? मागचे तंबोरे फुगू लागतात. गवई गातो तेव्हा तंबोरा लांब. तो थांबला की तंबोरा चालत पुढे येतो. तो पुन्हा गाऊ लागला की पळत मागे जातो. जुन्या प्रक्षेपणांत आणि पुष्कळ ध्वनिफितींत हा तंबोऱ्याचा श्वासोच्छ्वास कान देऊन ऐकल्यास सहज सापडेल. पाश्चात्य संगीतात अखंड वाजणारा असा आधारस्वर सहसा नसतो, त्यामुळे तेथे हा दोष झाकून जातो. आपल्याकडे तो उघडा पडतो, आणि गवयाने मुद्दाम ठेवलेली शांतता, जिच्यात तंबोरा तसाच स्थिर राहावयाचा असतो, तीच नेमकी बिघडते. यावर उपाय म्हणजे सोडण्याचा वेळ लांबवावयाचा, प्रमाण सौम्य ठेवावयाचे, आणि शक्य तेथे प्रत्येकाला निराळा मायक्रोफोन देऊन निराळे बटण लावावयाचे. हे सगळे जाणणारा मनुष्य यंत्रापाशी हवा; नाहीतर भारी यंत्रसुद्धा तंबोऱ्याला पळापळ करावयास लावते.

या वेळेच्या प्रश्नावर कारागिरांनी निरनिराळ्या युक्त्या काढल्या. 1950 नंतरच्या दशकाअखेरीस आलेल्या अमेरिकेतील फेअरचाइल्ड 670 या यंत्रात वीस व्हॉल्व्ह होते आणि त्याचे वजन तीस किलोच्या जवळपास भरे. तबकडी कापताना एखादा दांडगा स्वर आला, की सुई रेघेबाहेर उडावयाची. ते टाळण्यासाठी हे अवजड धूड. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात जिम लॉरेन्स याने एक सुंदर कल्पना काढली. आवाज मोठा झाला, की यंत्राच्या आत एक पट्टी उजळते. तिच्यासमोर उजेडाने रोध बदलणारा एक तुकडा ठेवलेला असतो. तो बटणाचे काम करतो. उजेड गेल्यावर हा तुकडा चटकन पूर्वपदावर येत नाही. अर्धा बदल एक सेकंदाच्या सोळाव्या भागाइतक्या वेळात ओसरतो आणि उरलेला अर्धा काही सेकंद रेंगाळतो. ही त्या पदार्थाची मूळची सुस्ती, पण मानवी गळ्याला ती इतकी मानवली, की एलए-2ए हे ते यंत्र आजही गायकांसाठी आवर्जून वापरतात. 1967 साली बिल पटनम याने ट्रान्झिस्टरचे 1176 हे यंत्र काढले, ते अगदी उलट स्वभावाचे: सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागात आवाजाला पकडणारे. आज या सर्वांचे गणित संगणकात उतरवलेले आहे, आणि खिशातल्या टेलिफोनमध्येसुद्धा एक संकोचक बसलेला असतो.

जाता जाता आणखी एका जातीच्या यंत्राचा उल्लेख करतो, कारण "आवाज सुधारणारे" म्हणून त्याचा फार गवगवा झाला. 1970 नंतरच्या दशकात ॲफेक्स कंपनीने ऑरल एक्सायटर नावाची पेटी आणली. मूळ आवाजात नसलेले वरचे स्वरांश स्वतः निर्माण करून ती त्यात किंचित मिसळे, आणि मळकट आवाजाला धार आल्यासारखी वाटे. कंपनी ती विकत नसे. तयार गाण्याच्या दर मिनिटाला तीस डॉलर भाडे घेई. भाजीवर पाणी शिंपडून ती ताजी दाखवण्याचाच हा प्रकार, असे मला वाटते; पण पाणी शिंपडल्याने भाजी चांगली दिसते हेही नाकारता येत नाही.

संकोचनाचा सर्वांत प्रामाणिक उपयोग मात्र दुसऱ्याच एका माणसाच्या नावावर आहे, आणि त्याचा आपल्या देशाशी थोडा संबंध आहे. रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनीअर 1963 ते 1965 अशी दोन वर्षे संयुक्त राष्ट्रसंघाचा सल्लागार म्हणून भारतात होता. येथून गेल्यावर 1965 मध्ये त्याने लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. ध्वनिफितीवर सतत येणारी सूं अशी खरखर हा तेव्हाचा मोठा शत्रू. डॉल्बीने असे केले: मुद्रण करताना हळू आवाज उचलून मोठा करावयाचा, म्हणजे तो खरखरीच्या वर राहील, आणि ऐकवताना तेवढाच खाली न्यावयाचा, म्हणजे त्याबरोबर खरखरही खाली जाईल. दाबलेला पलंग पलीकडे नेऊन पुन्हा उघडावयाचा, पाय न कापता. टेलिफोनवाल्यांनी 1930 नंतरच्या काळात अटलांटिकपलीकडील रेडिओ-संभाषणासाठी या धर्तीची युक्ती योजली होती. परंतु संगीतात ती केली की तोच तंबोऱ्याचा श्वासोच्छ्वास खरखरीला लागे. डॉल्बीने आवाजाचे चार पट्टे करून प्रत्येकाला निराळा हात लावला आणि केवळ हळू आवाजापुरताच लावला. म्हणून त्याची पद्धत टिकली. तिने खरखर सुमारे 10 डेसिबेलने कमी झाली.

असो. आता ज्या गोष्टीचे नवल वाटावे तिकडे वळू. 1982 साली काँपॅक्ट डिस्क आली. तिचा पल्ला 96 डेसिबेल. दार आता पलंगाहून रुंद झाले! ज्या अडचणीसाठी संकोचक जन्मला ती अडचणच उरली नाही. यापुढे संगीत मोकळा श्वास घेईल, असे कोणालाही वाटले असते. घडले ते नेमके उलटे. 1990 नंतर तबकड्या अधिकाधिक दाबून निघू लागल्या. कारण अगदी साधे आहे. एकच गाणे दोनदा ऐकवले आणि दुसऱ्या खेपेस ते जरासेच मोठे ठेवले, तर ऐकणाऱ्याला दुसरे गाणे "चांगले" वाटते, "मोठे" वाटत नाही. छत तर सर्वांना एकच. तेव्हा शेजाऱ्याहून मोठे वाटण्याचा मार्ग एकच उरला, तो म्हणजे हळू भाग वर आणून छताला भिडवणे. 2008 मध्ये मेटॅलिका या प्रसिद्ध मंडळींची "डेथ मॅग्नेटिक" ही तबकडी आली, तेव्हा श्रोत्यांनाच असे आढळले, की हीच गाणी एका खेळाच्या यंत्रासाठी दिली आहेत तेथे ती कमी दाबलेली आणि अधिक स्वच्छ आहेत. विकत घेतलेल्या तबकडीहून खेळण्यातले गाणे बरे, अशी तक्रार हजारोंनी केली.

दूरदर्शनवरील जाहिरातींचे कोडेही हेच. चित्रपट चालू असताना जाहिरात लागली, की घरातील वडीलधारी मंडळी रिमोट शोधू लागतात. मोजायला गेल्यास जाहिरातीचा शिखर-आवाज चित्रपटातील बंदुकीच्या बाराहून जास्त नसतो. फरक असतो तो सरासरीत: चित्रपटात बार क्षणभर आणि कुजबुज पुष्कळ, जाहिरातीत सारा वेळ बारच. मोठेपणा कानाला भासतो तो शिखरावरून नव्हे, सरासरीवरून. हे मोजण्याची सर्वमान्य रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2006 मध्ये ठरवली. 2010 मध्ये युरोपातील प्रक्षेपकांनी ती स्वीकारली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत जाहिरात कार्यक्रमाहून मोठी नसावी असा कायदा झाला. तारेवरून गाणी पुरवणाऱ्या पुष्कळ कंपन्याही आता सरासरी मोजून सर्व गाणी एका पातळीवर आणतात. त्यामुळे गाणे कितीही दाबले तरी शेजाऱ्याहून मोठे होत नाही. नुसते चपटे राहते.

आपल्याकडे हा सरासरीचा प्रश्न घरापेक्षा रस्त्यावर अधिक जाणवतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबेल ही मर्यादा घातली आहे, आणि तीही काही काळाच्या सरासरीने मोजावयाची आहे. मिरवणुकीतल्या आवाजाच्या भिंतीत मर्यादक बसवलेले असतात, ते कर्णे जळू नयेत म्हणून. कर्णा वाचतो; पण मर्यादकामुळे आवाज सारा वेळ छतालाच चिकटून राहतो आणि सरासरी चढते. कर्ण्याला मर्यादक आहे, समोर उभ्या असलेल्या मुलाच्या कानाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाला 80 डेसिबेल आठवड्यात चाळीस तास चालतील, 90 केवळ चार तास, आणि 100 असतील तर वीस-पंचवीस मिनिटांत आठवड्याचा वाटा संपतो. ढोल-ताशा काही निरुपद्रवी आहे असे नव्हे. पण त्यात निदान वादकाचा हात दुखतो आणि तो थांबतो.

कानाला मर्यादक नाही असे मी म्हटले, ते पूर्ण खरे नाही. मधल्या कानात एक इवलासा स्नायू आहे. मोठा आवाज झाला, की तो आखडतो आणि आत जाणारा ध्वनी थोडा रोखतो. पण त्याचा पकडण्याचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास. फटाक्याचा बार तोवर आत पोहोचून आपले काम करून गेलेला असतो. याहून विलक्षण संकोचक आतल्या कानात, शंखाकृती नळीत आहे. तेथील बाहेरच्या रांगांतील केसपेशी हळू आवाज आला की स्वतः हालून त्याला उचलतात आणि मोठा आला की स्वस्थ बसतात. कुजबुजीपासून ढोलापर्यंतचा पल्ला आपण पेलतो तो यांच्या जिवावर. वयाने आणि मोठ्या आवाजाने पहिल्या झडतात त्या याच, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत.

त्या गेल्यावर काय होते, हे घरोघर दिसते. नात आजोबांना काही सांगते. "जरा मोठ्याने बोल," आजोबा म्हणतात. ती मोठ्याने बोलते. "ओरडतेस कशाला? मी काही बहिरा नाही!" आजोबा तिरसट झाले असे सगळ्यांना वाटते. वास्तविक ते तंतोतंत खरे सांगत असतात. हळू आवाज उचलणारे गेले, म्हणून जमीन वर आली. छत मात्र होते तेथेच आहे. दोहोंमधली जागा अरुंद झाली. त्या लाखेच्या तबकडीची गत आता त्यांच्या कानाची आहे. नुसता आवाज वाढवणारे जुने श्रवणयंत्र अशा कानाला जाच होई, कारण ते कुजबुजीबरोबर भांड्याचा आवाजही तेवढाच वाढवी, आणि आजोबा ते काढून खणात ठेवीत. आजची यंत्रे हळू आवाज पुष्कळ वाढवतात, मध्यम थोडा आणि मोठा जवळजवळ नाहीच. म्हणजे ती संकोचकच आहेत, आणि ज्या कामासाठी हे यंत्र खरोखर हवे ते काम येथे आहे.

फक्त ती बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेली असतात. बोलण्यात अक्षरे भराभर लहानमोठी होतात, म्हणून त्यांचे पकडणे-सोडणेही सहसा चपळ ठेवतात. असे यंत्र कानात घालून गृहस्थ मैफलीला जातो आणि घरी येऊन म्हणतो, तंबोरा सारखा पुढे-मागे होत होता, गाण्यात राम नाही. राम गाण्यात असतो. यंत्राची जुळणी बोलण्याची असते. पुष्कळ यंत्रांत संगीतासाठी दुसरी जुळणी साठवता येते, तिच्यात प्रमाण सौम्य आणि सोडण्याचा वेळ लांब ठेवतात. श्रवणतज्ज्ञ ती आपण होऊन देईलच असे नाही. मागून घ्यावी लागते. मागावयास जाताना एखाद्या आवडत्या ख्यालाचे मुद्रण बरोबर न्यावे आणि तेथेच ऐकून पाहावे, तान संपल्यावर तंबोरा जागेवर राहतो की नाही. बहुधा एका खेपेत जमत नाही, दोन-तीन वेळा जावे लागते.